रोपांची राखण कोणाची?

मृगाचा पाऊस स्थिरावला की कोकणातील अल्पभूधारक शेतकरी उन्हाळ्यात खणून ठेवलेल्या खड्ड्यांत नारळाची रोपे आणि काजूची कलमे लावतो. खड्ड्यातील माती भुसभुशीत, ओलसर आणि शेणखताने समृद्ध असते. रोपाला जे हितकारक, तेच गांडुळांना आणि हुमणीच्या अळ्यांना हितकारक. आणि त्यांच्या शोधात रात्री निघालेला रानडुकरांचा कळप नेमका याच खड्ड्यांवर येतो. आजूबाजूचा कातळ व कठीण जमीन उकरण्यापेक्षा माणसाने घाम गाळून मऊ केलेली माती उकरणे त्याला केव्हाही सोयीचे. नारळाच्या रोपाचा कोवळा गाभा तो खातो. काजूचे कलम त्याला खावयाचेही नसते, ते केवळ वाटेत आले म्हणून बाजूला फेकले जाते आणि मुळे उघडी पडून सुकते. डुकरांच्या तावडीतून जे सुटते, त्याची मुळे व साल कुरतडण्यास साळिंदर असतेच.

हा प्रश्न वरवर पाहता शेतकी खात्याच्या माहितीपत्रिकेत शोभावा असा वाटेल. वस्तुतः तो सार्वजनिक पैसा कशावर खर्च होतो आणि जोखीम कोणाच्या माथी मारली जाते याचा प्रश्न आहे. म्हणूनच तो कार्यकर्त्यांच्या विचाराचा विषय झाला पाहिजे.

महाराष्ट्राने १९९० साली रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घातली. कोरडवाहू आणि डोंगराळ जमिनीवर कायमचे उत्पन्न उभे करणारा तो एक दूरदृष्टीचा निर्णय होता, हे निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे. पुढे २०१८ साली सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेने त्याच धर्तीवर अनुदान देऊ केले. तीन वर्षांत अनुक्रमे ५०, ३० आणि २० टक्के असे हप्ते ठरले आणि पुढचा हप्ता मिळण्यासाठी ठरावीक प्रमाणात झाडे जिवंत असण्याची अट घातली गेली. खड्डे खणण्यास अनुदान, रोप लावण्यास अनुदान, मेलेल्या रोपांच्या जागी नांग्या भरण्यासही अनुदान! परंतु काटेरी झाडांचे कुंपण मात्र शेतकऱ्याने स्वखर्चाने करावयाचे, आणि तेही ऐच्छिक. नांगा भरण्यास शासन पैसे देते; नांगा पडू नये यासाठी देत नाही. याला नियोजन म्हणावयाचे की नियोजनाचा आभास?

याचा परिणाम सरळ आहे. रात्री डुकरे कलम उपटतात आणि वर्षअखेरीस पाहणीस आलेला अधिकारी हप्ता थांबवतो. ज्याचे नुकसान झाले त्यालाच दंड, असा हा न्याय! यात त्या अधिकाऱ्याचा वैयक्तिक दोष नाही. त्याच्या नमुन्यात 'झाड जिवंत की मृत' एवढाच रकाना असतो. ते कोणत्या कारणाने मेले यासाठी रकानाच नसतो.

"कुंपण ज्याने त्याने आपले पाहावे," असे उत्तर यावर सहज दिले जाते. ते किती विषम आहे हे साध्या अंकगणिताने कळते. याच योजनेत कोकणासाठी किमान १० गुंठे आणि कमाल १० हेक्टर अशी मर्यादा ठेवण्यात आली होती. जमीन चौरस धरली तर १० गुंठ्यांना सुमारे १२७ मीटर कुंपण लागते, म्हणजे दर गुंठ्यास जवळजवळ १३ मीटर. १० हेक्टरांना सुमारे १,२६५ मीटर लागते, म्हणजे दर गुंठ्यास सव्वा मीटरच्या आसपास. दहा गुंठेवाल्याला एकेक गुंठा राखण्यासाठी मोठ्या बागायतदाराच्या दहापट कुंपण घालावे लागते. शिवाय कोकणातील वारसाहक्काने तुकडे झालेल्या जमिनी चौरस नसतात. त्या लांबट आणि वेड्यावाकड्या असतात. म्हणजे प्रत्यक्षातील विषमता याहूनही अधिक.

आणि गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. एका बागेला तारेचे किंवा सौरविजेचे कुंपण पडले म्हणून डुकरांची भूक नाहीशी होत नाही. कळप शेजारच्या उघड्या बागेकडे वळतो. सधन शेतकऱ्याचे संरक्षण हे गरीब शेजाऱ्याचे वाढीव नुकसान ठरते. वैयक्तिक कुंपणाला दिलेले अनुदान, आपला वाटा आधी भरण्याची ऐपत ज्याच्याकडे आहे त्याच्याच पदरात पडते आणि उपद्रव मात्र ज्याची ऐपत नाही त्याच्या दारी ढकलला जातो.

"डुकरे मारून टाका," ही मागणीही आता सर्रास ऐकू येते. तिच्यामागील संताप खरा आहे, त्याची शहरात बसून टिंगल करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातच, उभ्या पिकांना उपद्रव देणाऱ्या ठरावीक प्राण्यांची शिकार करण्याची लेखी परवानगी देण्याची तरतूद आहे. केरळ सरकारने २०२२ साली रानडुकरांबाबत हे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांपर्यंत नेले. असे विकेंद्रीकरण विचार करण्याजोगे आहे. परंतु बंदूक, परवाना आणि परवानगी यांची जुळवाजुळव होईपर्यंत आषाढातील रोप वाचत नाही. आणि या मार्गाला कंटाळून कोणी कुंपणात चोरून वीजप्रवाह सोडला, तर त्यात डुकराइतकाच पहाटे शेतावर निघालेला माणूसही मरतो. शिवाय कळप वाढले कशामुळे? चाकरमान्यांच्या स्थलांतराने ओस पडलेल्या आणि रान माजलेल्या जमिनी त्यांना दिवसाचा आसरा देतात. ज्या तरुणांनी रात्री माळ्यावर बसून राखण करावयाची, ते मुंबईत आहेत. राखणीचे काम म्हाताऱ्यांवर आणि स्त्रियांवर पडले आहे, आणि त्याची मजुरी कोणत्याही हिशेबात धरली जात नाही.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट, कुंपण वाडीचे असावे, व्यक्तीचे नव्हे. एकेक हेक्टरच्या दहा शेतकऱ्यांनी वेगवेगळे कुंपण घातले तर ४,००० मीटर लागते. जमिनी सलग असतील आणि एकत्र घातले तर १,२६५ मीटरमध्ये भागते. दगडाचा गडगा, बाहेरून चर आणि करवंदीसारख्या काटेरी झुडपांची वई ही कोकणाला परकी नाहीत. ती कामे अंगमेहनतीची आहेत, म्हणजेच रोजगार हमीला साजेशी आहेत. दुसरी गोष्ट, पहिल्या दोन पावसाळ्यांतील राखण, तसेच प्रत्येक रोपाभोवती जमिनीत वीतभर गाडलेली जाळी बसवणे, हे लागवडीचेच अंग मानून त्याची मजुरी द्यावी. तिसरी, वन्य प्राण्यांनी उपटलेली रोपे पंचनाम्यानंतर मृत झाडांच्या हिशेबातून वगळावीत आणि त्यापायी हप्ता थांबवू नये. चौथी, किती रोपे लावली हा आकडा नव्हे, तर तिसऱ्या वर्षी किती उभी आहेत हा आकडा ग्रामसभेत वाचून दाखवावा. राज्याने २०१६ ते २०१९ या काळात २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी असे वृक्षलागवडीचे चढते संकल्प सोडले. त्यांचा गाजावाजा झाला तो लावलेल्या रोपांचा.

राखण हे अनुत्पादक काम आहे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. रोजगार हमीमागील मूळ कल्पना टिकाऊ उत्पादक मत्ता निर्माण करण्याची होती. जी मत्ता पहिल्या श्रावणातच उपटली जाते, ती कसली टिकाऊ? खड्डा खणणारा हात उत्पादक आणि त्या खड्ड्यातील जीव वाचवणारा हात अनुत्पादक, हा भेद अर्थशास्त्राचा नव्हे, कागदी हिशेबाचा आहे.

तळकोकणात गावाचे रक्षण करणाऱ्या दैवताला 'राखणदार' म्हणतात. राखण हे श्रेष्ठ काम आहे हे तेथील माणसाला कोणी शिकवावयास नको. शासनाला मात्र ते शिकवावे लागेल. आणि त्याची सुरुवात येत्या लागवडीपूर्वी, कार्यकर्त्यांनी वाडीवाडीत बसून एकत्र कुंपणाची मोजणी करण्यापासून होऊ शकते.