पॅरिशला हवी परिचारिका

अंधेरीत सीप्झच्या कुंपणाआड एका चर्चचे भग्नावशेष उभे आहेत. पोर्तुगीज जेझुइटांनी १५७९ मध्ये उभारलेले हे चर्च १८४० मध्ये साथीच्या रोगामुळे ओस पडले आणि धर्मग्राम, म्हणजेच पॅरिश, मरोळला हलली. पुढे १८९६ च्या प्लेगनंतर मुंबई व उपनगरांतील ख्रिस्ती वस्त्यांत ठिकठिकाणी क्रूस उभारले गेले. त्याच अंधेरीत महाकाली गुंफा मार्गावर १९६७ पासून धर्मभगिनींचे होली स्पिरिट रुग्णालय सर्व धर्मांच्या रुग्णांना सेवा देत आहे. गाव सोडून जाण्यापासून रुग्णालय उभारण्यापर्यंतचा हा प्रवास मोठाच. मात्र तो रुग्णालयाच्या फाटकाशी येऊन थांबला आहे.

दरम्यान आजारांचे स्वरूप पालटले. मधुमेह, रक्तदाब, पक्षाघात, विस्मरण यांचा खरा सामना रुग्णालयात नव्हे, घरात होतो. मरोळचे गावठाण असो वा बोरिवलीची आय. सी. कॉलनी, मुले आखातात किंवा कॅनडात आणि वृद्ध दांपत्य मागे, हे चित्र आता नवे नाही. डिस्चार्जच्या कागदावरील गोळ्यांची नावे त्यांना कोण समजावणार? जखमेचे ड्रेसिंग कोण बदलणार? ब्युरोतून येणारी आया सर्वांना परवडत नाही. राजावाडी, भगवती यांसारख्या पालिका रुग्णालयांना तर दारी आलेल्या गर्दीतूनच उसंत नसते.

नेमक्या याच पोकळीसाठी अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या मध्यास शिकागोजवळ ग्रेंजर वेस्टबर्ग या ल्युथरन धर्मगुरूंनी ‘पॅरिश नर्स’ ही कल्पना मांडली. ही नोंदणीकृत परिचारिका डॉक्टरची जागा घेत नाही. ती घरी जाते, औषधे समजावते, धोक्याची लक्षणे ओळखून योग्य ठिकाणी पाठवते, स्वयंसेवकांना तयार करते आणि ऐकून घेते. हे शेवटचे काम सर्वांत वेळखाऊ, आणि कुठल्याही बिलात न बसणारे.

मुंबईच्या उपनगरांत हे पद रूढ झालेले नाही. पण त्याचे सुटे भाग सारे हजर आहेत. घरी खिळलेल्या आजाऱ्यांकडे कम्युनियन नेणारे प्रापंचिक आहेत, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे कार्यकर्ते आहेत, इमारतींनुसार बांधलेले कुटुंबांचे छोटे समूह आहेत. दोन रविवार मिस्साला न दिसलेल्या आजींची चौकशी होते ती यांच्यामुळेच. म्हणजे आजारी कोण, हे पॅरिशला ठाऊक असते. पुढे काय करायचे, हे ठाऊक नसते. रुग्णालयाचे नेमके उलटे. वर्षातून एकदा भरणारे आरोग्य शिबिर हा दुवा सांधू शकत नाही. तिथे वाढलेला रक्तदाब कागदावर लिहिला जातो; पाठपुराव्याला मात्र कुणी नसते.

अडचणी आहेतच. धर्मभगिनी होणाऱ्या तरुणी कमी होत आहेत आणि शिकलेल्या परिचारिकांना परदेश खुणावतो. निवृत्त परिचारिका अनेक पॅरिशमध्ये आहेत, परंतु केवळ त्यांच्या सदिच्छेवर व्यवस्था उभी राहत नाही. मानधन, नोंदी, जबाबदारी हे सारे ठरवावे लागते. गुप्तता हा त्याहून नाजूक प्रश्न. आजाऱ्यासाठी जाहीर प्रार्थना मागण्याची प्रथा चांगली, पण तिच्यामुळे कुणाचे निदान साऱ्या आळीला कळता कामा नये.

आणि शेजारच्या हिंदू वा मुस्लिम घरातील रुग्णाचे काय? परिचारिकेला दारावरचे नाव वाचून जिना चढता येणार नाही. धर्मांतराच्या संशयाने वातावरण गढूळ असताना तर, मागितल्याशिवाय प्रार्थना नाही, हा दंडक प्रथम घालून घ्यावा लागेल. वांद्र्याच्या शांती आवेदना सदनाने १९८६ पासून सर्व धर्मांच्या, अखेरच्या अवस्थेतील कर्करुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करून असा विश्वास कमावला आहे.

प्रत्येक पॅरिशला स्वतंत्र परिचारिका परवडणार नाही. पण शेजारच्या तीन-चार पॅरिशनी मिळून एक नेमणे अशक्य नाही. रुग्णालयाने रुग्णाच्या संमतीने डिस्चार्जच्या दिवशीच तिला कळवावे आणि तिने दोन दिवसांत घरी जावे, इतकाच करार सुरुवातीला पुरेसा आहे.