चुंबकाची वाट आणि रुग्णाची वाट

रत्नागिरीच्या परिसरात किनाऱ्यावर जी काळी वाळू सापडते, तीत शाळकरी मुले लोहचुंबक फिरवतात आणि बारीक काळे कण त्याला झुपक्याने चिकटून येतात. या कणांत मॅग्नेटाइट नावाचा लोहाचा ऑक्साइड असतो. गोव्याच्या खाणींतून वर्षानुवर्षे बोटींत भरून परदेशी गेलेले खनिज मुख्यतः हेमटाइट. मॅग्नेटाइट हे त्याचेच चुंबकीय भावंड. अशा सामान्य पदार्थाचे अतिसूक्ष्म कण करून त्यांच्या पाठीवर कर्करोगाचे औषध लादावे आणि बाहेरून चुंबक धरून ते नेमके गाठीपाशी आणून थांबवावे, ही कल्पना वैद्यकशास्त्राला गेली पन्नास वर्षे खुणावीत आहे. ती आजही पुरती साध्य झालेली नाही. म्हणूनच तिच्याविषयी स्पष्टपणे बोलणे आम्हांला अगत्याचे वाटते.

कर्करोगावरील औषधांचा मोठा दोष हा की, ती शत्रू आणि मित्र असा भेद करीत नाहीत. शिरेतून दिलेले औषध सर्वांगात पसरते. गाठीतील पेशींबरोबर केसांची मुळे, आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा यांवरही त्याचा घाव पडतो. डॉक्सोरुबिसिनसारख्या प्रभावी औषधाची मात्रा हृदयाला जपून ठरवावी लागते. सुक्याबरोबर ओलेही जळते, असा हा प्रकार. फक्त रोगावरच जाऊन आदळणाऱ्या ‘जादूच्या गोळी’चे स्वप्न जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच पाहिले होते. चुंबकीय कण हे त्या स्वप्नाचेच एक रूप होय.

हे कण किती लहान? एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. सुमारे वीस नॅनोमीटरहून लहान असलेल्या मॅग्नेटाइटच्या कणाचा गुण असा की, चुंबक जवळ असेतो तो खेचला जातो आणि चुंबक दूर होताच आपले चुंबकत्व विसरतो. त्यामुळे रक्तात त्यांचे गोळे होऊन वाहिन्या तुंबण्याची भीती कमी होते. काम संपल्यावर यकृत व प्लीहा या कणांना गिळून त्यांतील लोह शरीराच्या साठ्यात जमा करतात.

कल्पना अशी सुरेख असली, तरी शरीर हे प्रयोगशाळेतील काचपात्र नव्हे. १९९६ साली जर्मनीत चौदा रुग्णांवर झालेल्या पहिल्या चाचणीत औषध बाधले नाही. परंतु ते गाठीकडे वळवणे साधले ते सुमारे निम्म्याच रुग्णांत. अमेरिकेत यकृताच्या कर्करोगावर सुरू झालेला असाच प्रयत्न २००४ साली सोडून द्यावा लागला. चुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने घटतो आणि खोलवरच्या अवयवापर्यंत तो पोचत नाही, ही मूळ अडचण. २०१६ साली टोरंटो येथील संशोधकांनी दशकभराच्या प्रयोगांचा ताळा मांडला. प्राण्यांना टोचलेल्या सर्व प्रकारच्या नॅनोकणांपैकी शंभरात सरासरी एकही गाठीत पोचत नाही, असे त्यातून दिसून आले. कणांना बदलत्या चुंबकक्षेत्राने तापवून गाठ भाजण्याच्या उपचाराला युरोपात २०१० साली मेंदूच्या अर्बुदासाठी मान्यता मिळाली. पण तो करणारी कंपनी २०२२ साली दिवाळखोरीत गेली.

मग हा नाद सोडावा काय? मुळीच नाही. आपल्याकडे या विद्येची परंपरा आहे. चुंबकीय द्रवांची आंतरराष्ट्रीय परिषद १९९५ साली भावनगर येथे भरली होती. मुंबईच्या आय. आय. टी.त प्रा. धीरेंद्र बहादूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगासाठी चुंबकीय कणांवर दीर्घकाळ काम केले. सयाजीरावांच्या वडोदऱ्यात विद्यापीठ आहे, औषध-संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत आणि शहराच्या दक्षिणेला तरसालीच्या शेजारीच मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत आहे. औषध रसायनज्ञ घडवील. पण चुंबक, वेटोळी आणि यंत्रे घडवणार कोण? लेथवर काम करणारा कारागीर, पदार्थवैज्ञानिक आणि वैद्य हे तिघे एका मेजाशी बसल्यावाचून हे काम पुढे सरकणार नाही. विद्यापीठ, प्रयोगशाळा आणि कारखाना एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असूनही परस्परांना अनोळखी राहतात, हे आपले जुने दुखणे आहे.

ते दूर करता येते, याचा दाखलाही घरचाच आहे. मुंबईची आय. आय. टी. आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून सिद्ध केलेल्या पेशी-उपचाराला २०२३ साली मान्यता मिळाली. परदेशातील खर्चाच्या मानाने तो कितीतरी स्वस्त आहे. हे यश एका वर्षाच्या अनुदानाने आलेले नाही.

तथापि आमची खरी चिंता वेगळी आहे. तरसालीचा कामगार अहमदाबादची वाट धरतो, पेडण्याचा वा मालवणचा माणूस परळची. हातात कागदांची पिशवी, गाठीला कर्ज आणि मनात कोणत्याही नव्या शब्दाला कवटाळण्याची तयारी! अशा माणसाला ‘नॅनो’ उपचाराच्या नावाने लुबाडणे फार सोपे असते. म्हणून वाचकांनी एवढे पक्के ध्यानात ठेवावे की, चुंबकाने औषध गाठीपर्यंत नेण्याचा उपचार हा आज संशोधनाचाच विषय आहे, बाजारात मिळणारी वस्तू नव्हे. आपल्या देशात नव्या औषधाच्या चाचणीची जाहीर नोंद करावी लागते. २०१९ च्या नियमांनुसार रुग्णाची लेखी संमती आणि इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई यांची तरतूद आहे. ‘प्रयोग’ म्हणून पैसे मागणाऱ्याला आधी चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारावा.

सरकारांकडून आमची अपेक्षा दुहेरी आहे. संशोधकाला दहा वर्षांचा भरवसा द्यावा आणि तोवर तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात नियमित व्हावी. वेळीच सापडलेल्या गाठीला शल्यवैद्याची सुरी आजही पुरेशी ठरू शकते. औषधाला गाठीपर्यंतची वाट दाखवणारा चुंबक उद्या सिद्ध होईल, अशी आशा आहे. पण रुग्णाला वैद्यापर्यंतची वाट दाखवण्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची गरज नाही. ते काम आजच करता येण्याजोगे आहे.