हुला : आधी शब्द, मग कंबर

मंडळी, आजचा विषय सातासमुद्रापलीकडचा आहे. माझी भाची सिएटलजवळ बालवर्गाला शिकवते. तिच्या शाळेत चिमुरड्यांना हवाईचं संगीत आणि हुला नाच शिकवायचं घाटतंय. "मावशी, तुला काय वाटतं?" असं तिने विचारलं. चौतीस वर्षं पहिली-दुसरी सांभाळलेल्या बाईला असं विचारल्यावर उत्तर लांबणारच!

शिकवा, जरूर शिकवा. पण प्लास्टिकच्या झिरमिळ्यांचा घागरा, गळ्यात कागदी हार आणि गाणं लावून कंबर हलवणं, एवढंच असेल तर राहू द्या. हुलात शब्द आधी येतो. तिथे गाण्याला 'मेले' म्हणतात, आणि त्यातला पाऊस, लाट, डोंगर नाचणाऱ्याचे हात दाखवतात. शब्दच ठाऊक नसेल तर हात काय सांगणार?

शिवाय हे शब्द सहजासहजी टिकलेले नाहीत. मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली राणी काआहुमानूने १८३० मध्ये जाहीर हुलावर बंदी घातली. राजा कालाकाउआने १८८३ मध्ये आपल्या राज्याभिषेक सोहळ्यात त्याला पुन्हा मानाचं स्थान दिलं. मग राज्य गेलं आणि १८९६ च्या कायद्याने शाळांचं माध्यम इंग्रजी झालं. आजी एका भाषेत हाक मारणार आणि नातू दुसऱ्या भाषेत ओ देणार... परदेशात नातवंडं असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

वाचवलं कुणी, तर म्हाताऱ्यांनी आणि बालवाड्यांनी! १९८० च्या सुमारास तिथल्या प्राथमिक शाळांनी गावातल्या वडीलधाऱ्यांना, म्हणजे 'कुपुनां'ना, भाषा आणि गाणी शिकवायला वर्गात आणलं. १९८४ मध्ये 'पूनाना लेओ' नावाची बालवाडी निघाली, जिथे फक्त हवाइयन बोलायचं. नावाचा अर्थ आवाजांचं घरटं. मला तर हे नाव फारच आवडलं.

भाची म्हणते, पाच वर्षांच्या मुलांना एवढं कसं झेपेल? अगं, त्यांनाच झेपतं! दिवसाला एक शब्द द्यायचा, त्याची खूण करायची, आणि चार दिवसांनी त्यांचं गाणं होतं. हुला बसूनही करतात, त्याला 'हुला नोहो' म्हणतात. लहान वर्गात जागेची ओरड असते, तिथे हे उत्तम. आणि 'इलिइली' म्हणजे समुद्राने गुळगुळीत केलेले दगड. प्रत्येक हातात दोन-दोन धरून आपल्या चिपळ्यांसारखे वाजवायचे. मुलं खूश होतील. (पायाच्या बोटांवर पडणार नाहीत एवढं बघा म्हणजे झालं.)

जाता जाता, आपल्या जुन्या हिंदी गाण्यांत घसरत येणारा तो गिटारचा सूर मूळ हवाईचाच, बरं का! असो.

सिएटलच्या बाजूला हवाईची बरीच कुटुंबं राहतात. त्यांच्यातली एखादी आजी वर्गात येते का, ते भाचीने आधी विचारावं. घागऱ्यांचे पैसे तिच्या येण्याजाण्याला द्यावेत.