हँडब्रेकची तार

गाडीचा स्टिरिओ घरी बदलू नका, असं मी कुणाला सांगणार नाही. उलट स्वतः बदला. ज्या फौजी माणसाने आयुष्यभर स्वतःची रायफल उघडून साफ केली, त्याने डॅशबोर्डचे चार स्क्रू दुसऱ्याकडून उघडून घ्यायचे म्हणजे जरा अतीच. माझी तक्रार वेगळी आहे. सध्या चंदीगडच्या सेक्टर ३४ मध्ये राहतो. इथे रविवारी सकाळी निम्म्या घरांसमोर कुणीतरी गाडीचं दार उघडं टाकून यूट्यूब बघत डॅशबोर्ड खोलत असतो. नऊ नाहीतर दहा इंची अँड्रॉइड स्क्रीन ऑनलाइन मागवायचा, कंपनीचा छोटा स्टिरिओ काढायचा, तासाभरात गाडीत टीव्ही तयार. आमच्या निवृत्त मंडळींमध्ये तर याची साथच आहे. पुणे, सातारा, कोल्हापूरकडचे मित्र फोटो पाठवतात तेही हेच.

काम सोपं आहे, हे खरं. बॅटरीची निगेटिव्ह क्लिप आधी काढायची. पिवळी तार कायमचे १२ व्होल्ट, लाल किल्लीबरोबर चालू होणारी, काळी अर्थ. कंपनीचा कपलर कापायचा नाही, आपल्या मॉडेलचा तयार हार्नेस घ्यायचा. वायर कापली की पुढे वॉरंटीचा वाद तुमच्या गळ्यात. नारिंगी तार हेडलाइटच्या सर्किटची. ती जोडली तर रात्री स्क्रीन आपोआप मंद होतो. बरेच जण ती टेप लावून मोकळी सोडतात आणि मग अंबाला रोडला धुक्यात डोळ्यांसमोर ट्यूबलाइट घेऊन गाडी हाकतात.

आता मुद्द्याची तार. तिच्यावर बहुधा 'ब्रेक' असं लिहिलेलं असतं. ती हँडब्रेकच्या स्विचला जोडायची. हँडब्रेक ओढला की तिला अर्थ मिळतो, युनिटला कळतं की गाडी उभी आहे, आणि मगच व्हिडिओ दिसतो. बनवणाऱ्यानेच ही सोय ठेवलेली आहे. आणि आपण काय करतो? ती तार काळ्या तारेला पिळून टाकतो. यूट्यूबवरचा गुरू हेच शिकवतो, दुकानातला पोऱ्या तर न विचारता करतो आणि वर सांगतो, "सरजी, अब चलती गाडी में भी पिक्चर चलेगी." त्या दिवसापासून युनिटच्या समजुतीप्रमाणे ती गाडी कायम उभी असते. ताशी ८० च्या वेगातही उभी!

सेफ्टी कॅच फाइल करून काढलेली रायफल कुणी शस्त्रागारात जमा केली तर आपण त्याची काय गत करू? इथे मात्र त्याला 'जुगाड' म्हणून शाबासकी.

ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. दोन सेकंद स्क्रीनकडे पाहिलं की ३३ मीटर आंधळे. सेक्टर ३४ मध्ये हे आकडे कागदावर राहत नाहीत. कोचिंग क्लासेसचा हा बालेकिल्ला. संध्याकाळी क्लास सुटला की पाठीवर दप्तरं घेतलेली पोरं घोळक्याने रस्ता ओलांडत असतात, त्यांचीही नजर हातातल्या मोबाइलवर. दोन्ही बाजू आंधळ्या असतील तर मधलं अंतर कोण राखणार? एनडीएत आम्ही स्क्वॉडने सायकली चालवायचो. पुढच्याच्या चाकावरून एकाची नजर ढळली की मागची अख्खी रांग आडवी. तिथे खरचटण्यावर भागायचं.

"मी तीस वर्षं गाडी चालवतोय, मला नका शिकवू," हे उत्तर तयार असतं. मग अमेरिकन नौदलाकडे बघा. २१ ऑगस्ट २०१७ ला सिंगापूरजवळ 'जॉन एस. मॅककेन' ही विनाशिका एका टँकरवर आदळली आणि १० नौसैनिक गेले. सुकाणू आणि इंजिनांचं नियंत्रण टचस्क्रीनवर होतं. ते कोणत्या कन्सोलकडे आहे, याचाच गोंधळ झाला. प्रशिक्षणही कमी पडलं, हे चौकशीत आलं. पण त्यानंतर नौदलाने आपल्या विनाशिकांवर हाताने ढकलायचे थ्रॉटल परत आणायचं ठरवलं. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपनेही २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे अशा गोष्टींना खरी बटणं नसतील तर गुण कापायचं ठरवलं. हाताला न बघता सापडणारं बटण जुनाट नसतं. अंधारात मॅगझिन बदलायला शिकलेल्यांना हे मी काय सांगू?

दुसरी गोष्ट, नोकरीतल्यांसाठी. या स्वस्त युनिटमध्ये मायक्रोफोन असतो, जीपीएस असतं, आणि ते तुमच्या फोनमधले सगळे नंबर मागतं. अपडेट क्वचितच येतात. संवेदनशील जागी आपण फोन बाहेर ठेवतो आणि हे सगळं असलेली गाडी आत लावतो. २०१८ मध्ये स्ट्रावाच्या नकाशावर सैनिकांच्या जॉगिंगच्या रेघांनी तळ उघडे पडले होते. २०२१ मध्ये चीनने स्वतःच्या लष्करी आवारात टेस्ला गाड्यांना मज्जाव केल्याच्या बातम्या आल्या. त्यांना त्यांच्या गाड्यांची काळजी, आणि आपण कुठे बनलंय हेही न वाचता डब्यातून काढून बसवतो.

रिव्हर्स कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. तो जरूर लावा, ट्रिगरची तार रिव्हर्सच्या दिव्यावरून घ्या. घरात खेळणारी नातवंडं असतील तर आधी तोच लावा. नकाशाही हवा, पण तो निघण्यापूर्वी लावायचा असतो. ज्यांनी स्क्रीन आधीच बसवलाय त्यांनी येत्या रविवारी पॅनेल पुन्हा उघडावं, काळ्या तारेला पिळलेली ती तार सोडवावी आणि हँडब्रेकच्या स्विचला जोडावी. मग गाडी गल्लीतून एक फेरी मारून आणावी आणि चालत्या गाडीत व्हिडिओ बंद राहतो का, हे शेजारी बसलेल्या माणसाला बघायला सांगावं.