गंजावर रंग चढवू नये



पावसाळा सरला, की आपल्या पेडणे-डिचोली भागातील काही घरांच्या अंगणात जुन्या मोटारीवरची ताडपत्री दूर होते. वडिलांनी अथवा आजोबांनी घेतलेली ती गाडी मुलीच्या लग्नापूर्वी किंवा गावच्या फेस्तापूर्वी पुन्हा रस्त्यावर आणावी, असा घरातील मंडळींचा बेत ठरतो. हौस चांगली आहे. मात्र हे काम कसे करावे आणि कोणत्या घाईने करू नये, याविषयी आज चार शब्द लिहावेसे वाटतात.

गोव्याला जुन्या मोटारींचे प्रेम नवे नाही. १९६१ पूर्वी, पोर्तुगीज अमदानीत, येथे परदेशी मोटारी येत असत. त्यांतील काही मर्सिडीज गाड्या पुढे बरीच वर्षे टॅक्सी म्हणून धावल्या. त्यानंतर मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर कंपनीची फियाट आणि बंगालची अँबेसिडर घरोघरी आली. अँबेसिडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. नुवें येथे तर अशा जुन्या गाड्यांचे संग्रहालयच उभे राहिले. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमानुसार, ५० वर्षांहून अधिक वयाची आणि मूळ स्वरूपात जतन केलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. तेव्हा मूळ पत्रा जितका वाचेल तितका बरा.

पण पत्र्याचा वैरी आपल्या हवेतच आहे. मांद्रे, हरमल, केरी या किनाऱ्यावर वारा मीठ घेऊन येतो; डिचोलीकडे खनिजाची तांबडी धूळ सांधीकोपऱ्यांत बसून ओल धरून ठेवते. पाणी आणि प्राणवायू मिळाला की लोखंड गंजते, आणि मीठ त्या क्रियेला वेग देते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो; म्हणून रंग आतून उचलला जातो व त्यावर फोड येतात. वर वाटाण्याएवढा दिसणारा फोड आत तळहाताएवढा पसरलेला असू शकतो. दरवाजांचा खालचा भाग, मडगार्डची आतली कड आणि दरवाजाखालील पेटीसारखा पत्रा या जागा प्रथम तपासाव्यात.

कामाची पहिली पायरी घासण्याची. पॉलिश कागदाचा आकडा जितका मोठा तितका कण बारीक, हे लक्षात असू द्यावे. जुना रंग आणि गंज काढण्यास ८० नंबरचा कागद घ्यावा व चकचकीत पत्रा दिसेपर्यंत थांबू नये. त्यानंतर १८० नंबरने उरलेल्या रंगाची कड अशी उतरती करावी, की डोळे मिटून बोट फिरविले असता पायरी लागू नये. कागद नुसत्या बोटांनी धरला तर बोटांच्या चऱ्या पडतात. सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून तिरक्या दिशांनी घासावे. जेथे पत्रा चाळणीसारखा झाला असेल, तेथे कागद आवरता घ्यावा. तो भाग कापून नवा पत्रा जोडणे हाच तेथे उपाय होय.

उघडा पत्रा फार वेळ ठेवू नये. आपल्या दमट हवेत काही तासांतच त्यावर तांबूस छटा येते. हाताच्या घामातही मीठ असते. म्हणून घासलेल्या जागेला उघड्या हाताने स्पर्श न करता ती तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने पुसावी आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचा हात द्यावा. हा प्रायमर पत्र्याला घट्ट धरतो आणि ओल आत येऊ देत नाही. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर उरलेला उंचसखलपणा लांबीने भरावा. पण तो थर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नसावा. लांबी पाणी शोषून घेते, म्हणून ती कोरडीच घासावी.

मग भरणारा प्रायमर दोन-तीन हात मारून सुकू द्यावा. त्यावर वेगळ्या रंगाची अगदी विरळ फवारणी करून पुन्हा ठोकळ्याने घासले, की खळग्यात तो रंग तसाच राहतो आणि उंचवट्यावरून निघून जातो. डोळ्यांना न दिसणारा दोष असा आपोआप प्रकट होतो. शेवटी ४०० ते ६०० नंबरच्या वॉटर पेपरने घोटून, पूर्ण वाळवून मगच रंग द्यावा. हा भरणारा प्रायमर सच्छिद्र असतो. केवळ तेवढ्या थरावर गाडी पावसाळाभर अंगणात ठेवली, तर ओल आत शिरून सारे श्रम वाया जातात. जूनपूर्वी रंग पुरा होणार नसेल, तर काम पुढील हंगामावर टाकणे शहाणपणाचे.

आता दोन गोष्टी विवेकाच्या. पहिली, घासणाऱ्या मुलाविषयी. जुन्या रंगात शिसे असू शकते. त्याची धूळ फुप्फुसात जाते, कपड्यांवरून घरी येते आणि लहान लेकरांस अधिक बाधते. दोन घटक मिसळून वापरावयाच्या कित्येक प्रायमरांची वाफ याहूनही घातक असते. तोंडाला बांधलेला रुमाल तेथे पुरत नाही. गॅरेजच्या मालकाने योग्य मुखवटा द्यावा, आणि गाडी देणाऱ्याने त्याचा खर्च आनंदाने सोसावा. पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये १ मे हा दिवस कामकरी संत योसेफ यांच्या सणासाठी नेमला. त्या सणाला हात जोडणाऱ्याने कामकऱ्याचा श्वास स्वस्त मानू नये.

दुसरी गोष्ट विक्रीची. गंजलेल्या पेटीवर लांबी थापून, वर चकचकीत रंग देऊन गाडी विकणे फार सोपे आहे. परंतु फियाट किंवा अँबेसिडर यांना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. त्यांचा पत्र्याचा सांगाडाच भार वाहतो. म्हणजे झाकलेला गंज हा केवळ दिसण्याचा दोष राहत नाही. एखाद्या वळणावर तो घेणाऱ्याच्या मुलाबाळांच्या जिवावर बेतू शकतो. घेणाऱ्याने मऊ फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक पत्र्यावरून फिरवून पाहावा. जाड लांबीवर तो धरत नाही. विकणाऱ्याने मात्र ती वेळच येऊ देऊ नये. जेथे पत्रा बदलला आहे आणि जेथे बदलावयाचा राहिला आहे, ते आधी सांगावे. किंमत थोडी कमी येईल. पण सातवी आज्ञा केवळ दुसऱ्याच्या खिशात हात घालणाऱ्यासाठी नाही. दोष लपवून अधिक दाम घेणाऱ्यालाही ती तितकीच लागू आहे.

बाहेरून चुना फासलेल्या कबरांविषयी आपल्या प्रभूने काय म्हटले, ते आपण जाणता. ज्या घरी यंदा हे काम निघेल, तेथे ते सावकाश आणि सचोटीने पार पडो. लग्नाच्या दिवशी रंग थोडा फिका दिसला तरी चालेल. आतला पत्रा खरा असावा.

आपला,
पाद्री