दर्जाच्या नावाखाली जकात

व्हिडिओ गेमचा विषय निघाला की आमचा नातू निन्टेन्डोचे गोडवे गातो. १९८३ साली अमेरिकेत हा धंदा बुडाला, बाजारात भिकार खेळांचा सुकाळ झाला होता, आणि पुढे निन्टेन्डोने कडक नियम लावले म्हणून तो वाचला, असं त्याचं (आणि बऱ्याच जाणकारांचं) म्हणणं. मला ते मुळीच पटत नाही.

ते नियम काय होते ते तर बघा. १९८५ साली अमेरिकेत आलेल्या एनईएस या यंत्रात एक कुलूप-चिप होती. कार्ट्रिजमध्ये तिची जोडीदार चिप नसली तर खेळ चालायचा नाही, आणि ती किल्ली फक्त निन्टेन्डोकडे. म्हणजे खेळ तुम्ही तयार करायचा, पण कार्ट्रिजं त्यांच्याकडूनच बनवून घ्यायची, पैसे आगाऊ मोजायचे, आणि माल पडून राहिला तर खोट तुमची. वर्षाला पाचच खेळ काढायचे. शिवाय तोच खेळ दोन वर्षं दुसऱ्या कुणाच्या यंत्रावर न्यायचा नाही! आपल्याकडे कुळाने कसायचं आणि खंड जमीनदाराने न्यायचा, तसलाच प्रकार.

आता या दोन वर्षांच्या अटीचा दर्जाशी काय संबंध? चांगला खेळ दुसऱ्या यंत्रावर गेला की नासतो काय? पाचाच्या मर्यादेचंही तेच. कोनामीने १९८८ मध्ये 'अल्ट्रा गेम्स' अशी दुसरी पाटी लावली आणि जास्तीचे खेळ काढले. निन्टेन्डोने ते चालवून घेतलं.

बाहेरच्यांनी बाजारात कचरा ओतला होता हे खरं. पण १९८३ चं खापर ज्या 'ई.टी.' वर सगळे फोडतात, तो खुद्द यंत्रवाल्या अटारीचा खेळ होता. पाचेक आठवड्यांत उरकलेला. न खपलेली कार्ट्रिजं न्यू मेक्सिकोत खड्ड्यात पुरली, ती २०१४ मध्ये उकरून काढली. मालकाने स्वतःच केलेल्या घाणीवर कुठली चिप बसवणार होते?

अटारी गेम्सने (ही कंपनी वेगळी) ते कुलूप तोडलं, पण त्यासाठी कॉपीराइट कार्यालयात खोटं सांगून निन्टेन्डोच्या प्रोग्रॅमची प्रत मिळवली. १९९२ मध्ये कोर्टाचा निकाल त्यांच्या विरोधात गेला. त्यांची वकिली मी करणार नाही.

स्क्वेअरने मात्र सरळ घरच बदललं. सोनी काही साधूसंत नव्हे, तीही आपला वाटा घेतेच. पण सीडी स्वस्त आणि तिच्यात जागा भरपूर. निन्टेन्डो एन६४ साठीही कार्ट्रिजलाच चिकटून बसली. 'फायनल फँटसी सेव्हन' १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर आला, तीन सीडींवर. एन६४ वर त्या मालिकेतला एकही खेळ आला नाही.