डब्यातले काप घरचेच

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि त्याबरोबर डब्याचा प्रश्नही उघडतो. शहरातल्या मोठ्या दुकानांत कोंबडीच्या सलामीची पाकिटे मिळू लागल्यापासून मुले तीच मागतात. पावात दोन काप ठेवले की डबा तयार! पण भगिनींनो, पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे एकदा वाचा. बऱ्याचदा मांसाबरोबर पाणी, स्टार्च आणि सोयाची भुकटी असते, आणि या सगळ्याचे पैसे आपण मांसाच्या भावाने मोजतो. रंग आणि टिकाऊपणा यांसाठी नायट्राइट असते ते वेगळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये असे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगास कारण ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. कधीतरी खाल्ल्याने आभाळ कोसळत नाही, पण रोजच्या डब्याला ते नको असे आमचे मत आहे.

त्याच वर्षी आपल्या राज्यात गायींपाठोपाठ बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि स्वस्त गोश्ताचा एक पर्याय गेला. बकऱ्याचे गोश्त आठवड्यातून एकदा परवडले तरी पुष्कळ. तेव्हा थोडे गोश्त अधिक तोंडांना कसे पुरेल, हेच पाहायला हवे. शामी कबाबाने ते आपल्या घरांना केव्हाच शिकवले आहे: खिम्यात हरभऱ्याची डाळ! आणि बुलढाणा जिल्ह्यात डाळीसाठी लांब जावे लागत नाही.

अर्धा किलो कोंबडीचा किंवा म्हशीचा खिमा घ्या. शंभर ग्रॅम हरभरा डाळ भिजवून, शिजवून, पाणी पूर्ण निथळून घ्या. डाळ ओली राहिली तर काप मोडतात. त्यात एक अंडे, आले-लसूण, मिरपूड, कोथिंबीर आणि दीड चमचा मीठ घालून मिक्सरमधून बारीक काढा. तेल लावलेल्या सरळ कडांच्या स्टीलच्या डब्यात दाबून भरा, झाकण लावा आणि कुकरची शिट्टी काढून पाऊण तास वाफवा. मधोमध सुरी खुपसल्यावर स्वच्छ पाणी यावे, आत गुलाबी राहता कामा नये. निवल्यावर वर वजन ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी पातळ काप करा. वीस-पंचवीस सहज निघतात. हाडे घरी आणली असतील तर त्यांचा रस्सा संध्याकाळी होतोच.

रंगासाठी कोणी नायट्राइटचे मीठ सुचवील. घरच्या चमच्याच्या मापाने ते मुळीच घालू नका; प्रमाण चुकले तर विषबाधा होते. काप तपकिरी दिसतील, मुलांना त्याची सवय होते.

फ्रिजमध्ये हे तीन दिवस चांगले राहते. वीज तासन्‌तास जाणाऱ्या गावी एका दिवसात संपवावे. डब्यात देताना काप तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजून घ्या. तरीही घाटाखाली, मलकापूर-नांदुऱ्याकडे, पाऊस नीट लागेपर्यंत हवा तापलेलीच असते. छोट्या सुट्टीत खाणाऱ्या मुलाला द्या. दुपारी दोनला डबा उघडणाऱ्या कामावरच्या माणसाला मात्र देऊ नका. त्याला भाकरीबरोबर सुकी चटणी बरी.

किंवा सुके गोश्त! बकरी ईद उन्हाळ्यात आली की कुरबानीच्या आपल्या हिश्शातले चरबी नसलेले गोश्त लांब पातळ पट्ट्यांत कापून, भरपूर मीठ आणि हळद चोळून, दोरीवर मलमलीच्या कापडाखाली वाळवतात. रात्री आत घ्यावे लागते. पट्टी वाकवली की मोडली पाहिजे. नुसती वाकली तर आणखी एक ऊन द्या. घाटावर चिखली-मेहकरकडे एखादा दिवस जास्त लागतो. हवाबंद बरणीत ठेवा आणि लागेल तसे गरम पाण्यात भिजवून, चांगले शिजवून, खलबत्त्यात कुटून, कांदा-मिरचीवर कोरडे होईपर्यंत परता. हे दुपारपर्यंत ओल्या कापांपेक्षा चांगले टिकते, आणि मूठभर गोश्तात तिघांच्या भाकऱ्या होतात. पावसाची पहिली सर आली की बरणी तेवढी तपासा; ओल शिरलेली पट्टी वास घेत न बसता टाकून द्या.